पुण्याची थंडी: ऊब अंगाला, चावी शेजारी

डिसेंबर-जानेवारीत एखादी लाट आली की शिवाजीनगरचा पारा ८-९ अंशांवर येतो, पाषाण आणि एनडीएच्या बाजूला त्याहूनही खाली. दुपारी पुन्हा २८ अंश. एवढ्या थंडीने धडधाकट माणसाला फारसं काही होत नाही. धोका असतो तो थंडी घालवण्यासाठी आपण बंद दाराआड जे करतो त्यात: खोलीत शेगडी, बाथरूममध्ये गॅस गिझर, एक्स्टेन्शन बोर्डावर दोन हजार वॅटचा हीटर. आणि काही बिघडलंच, तर बाहेरच्यांना आत येता येत नाही, हा दुसरा धोका.

आधी आगीचं बोलू. कोळशाची शेगडी किंवा पाटीतले निखारे झोपायच्या खोलीत कधीही नेऊ नयेत. धूर दिसत नाही म्हणजे शेगडी सुरक्षित झाली असं नाही. लालबुंद, बिनधुराचा निखाराच कार्बन मोनॉक्साइड सोडत असतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. आधी डोकं जड होतं, मळमळतं, पाय लटपटतात. झोपेत असलेल्या माणसाला तेही कळत नाही. हे आपल्याइतकंच सोसायटीच्या वॉचमनच्या केबिनला लागू आहे. चार बाय पाचची पत्र्याची केबिन, बंद दार आणि आत निखाऱ्यांचं घमेलं, हे दृश्य कुठे दिसलं तर घमेलं त्याच क्षणी बाहेर काढायला लावा आणि त्या माणसाला जाड रग, कानटोपी आणि चहाचा थर्मास सोसायटीने द्यावा.

गॅस गिझरचं गणित मांडून बघा. मिनिटाला ६ लिटर पाणी तापवणारा गिझर पूर्ण चालला तर तासाला साधारण एक किलो एलपीजी जाळतो. एक किलो एलपीजी नीट जळायला सुमारे १२ घनमीटर हवा लागते. आपलं पाच बाय सातचं, नऊ फूट उंचीचं बाथरूम म्हणजे जेमतेम ९ घनमीटर. पंधरा मिनिटं आंघोळ चालली तर खोलीतल्या हवेचा तिसरा हिस्सा ज्योतीनेच खाल्ला. ऑक्सिजन कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. गळती कळावी म्हणून गॅसला दिलेला वास ज्योतीत जळून जातो, त्यामुळे नाक काहीच सांगत नाही. थंडीत आपण वरची जाळी पुठ्ठ्याने बंद करतो आणि धोका दुप्पट करतो. म्हणून गिझर ड्राय बाल्कनीत किंवा डक्टच्या बाजूला बाहेर बसवा आणि पाइप आत आणा. ते होईपर्यंत बादली आधी भरा, गिझर बंद करा, दार पाच मिनिटं उघडं ठेवा, मग आंघोळीला जा. लहान मूल किंवा वयस्कर माणूस आत असेल तर आतून कडी लावायची नाही.

कोणी आत कोसळलं तर दार-खिडक्या सताड उघडून, गॅस बंद करून माणसाला आधी मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. करोनात घेतलेला ऑक्सिमीटर बोटाला लावून ९८ दिसलं म्हणून निश्चिंत राहू नका. साधा ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइड चिकटलेल्या हिमोग्लोबिनलाही ऑक्सिजनचंच समजतो. आकडा छान दिसतो आणि माणूस गुदमरत असतो. दवाखान्यात गेल्यावर ‘गिझर चालू होता’ किंवा ‘शेगडी होती’ हे पहिल्या वाक्यात सांगा.

आता विजेच्या उबेकडे. २००० वॅटचा हीटर २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर ओढतो. टीव्हीशेजारचा छोटा सॉकेट ६ अँपिअरचा, नेहमीचा एक्स्टेन्शन बोर्डही तेवढाच. म्हणून हीटर फक्त १६ अँपिअरच्या पॉवर पॉइंटवर, थेट. अर्ध्या तासाने प्लग हाताला कोमट लागला तर ठीक. चटका बसला, पिन काळी पडली किंवा प्लास्टिकचा वास आला तर सॉकेट सैल आहे, इलेक्ट्रिशियनकडून बदलून घ्या. पेठांतल्या जुन्या इमारतींत वायरिंग अॅल्युमिनियमचं निघालं तर मोठा हीटर नकोच.

खरं तर दहा बाय बाराची अख्खी खोली रात्रभर तापवण्याची आपल्याकडे गरजही नसते. त्या खोलीतली हवा दहा अंशांनी तापवायला युनिटचा दहावा हिस्साही पुरतो. बाकीची सगळी वीज भिंती, स्लॅब आणि खिडकीच्या फटी गिळतात. हीटर बंद केला की दहा मिनिटांत पुन्हा गारठा, तो यामुळेच. उलट ८० वॅटचं इलेक्ट्रिक ब्लँकेट आठ तासांत पाऊण युनिटही खात नाही. ते चादरीखाली सपाट अंथरायचं, घडी पडू द्यायची नाही, पिना टोचायच्या नाहीत. तान्ह्या बाळाला, लघवीवर ताबा नसलेल्या किंवा मधुमेहाने पाय बधिर झालेल्या माणसाला मात्र ते वापरायचं नाही.

वीज गेली की हाच फरक महत्त्वाचा ठरतो. इन्व्हर्टरची १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तासांची. प्रत्यक्षात १२०० धरा. त्यावर ब्लँकेट, एक एलईडी आणि राउटर मिळून शंभर वॅट रात्र काढतात. हीटर लावलात तर ९०० व्हीएचा इन्व्हर्टर लगेच ओव्हरलोडने बंद पडतो आणि अंधारही पदरात. ब्लँकेटचा कंट्रोलर डिजिटल असेल तर साइन वेव्ह इन्व्हर्टरच हवा. आणि वीज गेल्यावर हीटरचं बटण हाताने बंद करा, नाहीतर ती पहाटे येते तेव्हा हीटरसमोर पांघरूण पडलेलं असतं.

विजेविना सर्वांत भरवशाची वस्तू रबराची गरम पाण्याची पिशवी. उकळतं पाणी नाही, साठ-पासष्ट अंशांचं. पिशवी दोन तृतीयांश भरायची, हवा दाबून काढायची, मग झाकण. टॉवेलात गुंडाळून झोपायच्या आधी पंधरा मिनिटं पायाशी ठेवायची आणि झोपताना काढायची. दोन वर्षांनी पिशवी बदला. रबर घडीवर चिरतं आणि भाजतं ते तेव्हाच. गोधडी नुसती अंगावर नको, गादीवरही एक हवी. फरशीचा गारवा खालून येतो. त्यावर घोंगडी, डोक्याला टोपी.

घराचं काम दिवसा करा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, म्हणून दक्षिणेचे पडदे दुपारी उघडे आणि ऊन उतरायच्या आत, पाचच्या सुमाराला, खिडक्या बंद. स्लायडिंग खिडकीच्या कडेचा ब्रश झिजला असेल तर बोहरी आळीत मीटरवर मिळतो. दाराखालच्या फटीला चादरीची गुंडाळी पुरते. स्वयंपाकघर आणि बाथरूमची जाळी मात्र कधीच बुजवायची नाही. वरच्या मजल्यावरच्या आजी-आजोबांनी थंडीचा महिनाभर बाहेरच्या भिंतीलगतच्या खोलीऐवजी आतल्या खोलीत झोपावं.

आता शेजार. तुळशीच्या लग्नानंतरच्या एखाद्या रविवारी आपल्या मजल्यावरची दोन आणि खालच्या मजल्यावरचं एक, अशी तीन घरं गाठा. लिफ्ट बंद असताना आठव्या मजल्यावरच्या मित्राचा उपयोग नाही. एका कागदावर लिहा: घरात कोण, कोणती औषधं, रक्तगट, डॉक्टरांचा नंबर, मेन स्विच कुठे, गॅसचा व्हॉल्व्ह कुठे (एमएनजीएलची पाइपलाइन की सिलिंडर), ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर कोणाकडे. खाली ॲम्ब्युलन्सचा १०८, अग्निशमनचा १०१, सिलिंडरच्या गॅसगळतीचा १९०६ आणि कोणत्याही संकटासाठी ११२. कागद फ्रिजवर चिकटवा, कारण मोबाइलची बॅटरी संपलेली असू शकते.

चावी शेजारी दिली की काम झालं असं वाटतं. पण लॅचची चावी बाहेर आणि आतून वरची कडी लावलेली, असं असेल तर ती चावी निरुपयोगी. एकट्या राहणाऱ्या मावशी-काकांशी याचं स्पष्ट बोलणं करा: रात्री फक्त लॅच, कडी नाही, आणि सेफ्टी डोअरची चावीही त्याच जुडग्यात. त्यांना हे पटत नसेल तर घाई करू नका; चावी ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्याकडेच राहिली पाहिजे, सोयीच्या माणसाकडे नाही.

खूणही आधीच ठरवा. दाराला लटकवलेली दुधाची पिशवी आठ वाजेपर्यंत आत गेली नाही तर फोन. दोनदा उचलला नाही तर बेल. पाच मिनिटांत हालचाल नाही तर चावी, आणि सोबत दुसरा शेजारी. आत गेल्यावर म्हातारं माणूस बोलताना अडखळतंय, गोंधळलंय, पोट हाताला गार लागतंय, तर ते ‘झोपेत आहेत’ असं समजू नका. ओले कपडे काढा, कोरड्या गोधडीत गुंडाळा, नीट गिळता येत असेल तरच गोड कोमट चहा. हातपाय चोळायचे नाहीत, ब्रँडी द्यायची नाही, गरम पिशवी थेट कातडीला लावायची नाही. एकजण त्यांच्यापाशी थांबेल, दुसरा १०८ ला फोन करून खाली गेटवर उभा राहील, म्हणजे ॲम्ब्युलन्सला विंग शोधावी लागणार नाही.