वाजत राहिलेले टाळ

वारीत भांडतानाही समोरच्याला माऊली म्हणावं लागतं. ‘ओ माऊली, डोळे फुटले काय!’ हे मी दिवेघाटात स्वतःच्या कानांनी ऐकलंय. टँकरपुढची रांग मोडली तरी माऊली, तंबूत कुणी दुसऱ्याच्या वळकटीवर चिखलाचा पाय दिला तरी माऊली. मला गंमत वाटायची. आपण काही असे भांडणार नाही, अशी खात्रीही होती. पुण्यात नोकरी करणारा, चार बुकं वाचलेला माणूस मी. दिंडी आमच्या परभणीकडच्या गावाची. आधी वडील चालायचे, गेल्या आषाढीला मी गेलो. टाळावरची पावली काही जमेना, म्हणून मला पताका दिली आणि सगळ्यांत पुढे उभं केलं.

फलटण ते बरड ही चाल सुमारे १८ किलोमीटरची, बरीचशी सपाट. ऊन चांगलंच होतं. विडणी सोडल्यावर खिशातला फोन थरथरायला लागला. दहावीच्या बॅचचा ग्रुप. आरक्षणावरून तिथे वर्षभर दोन तट पडले होते, आणि माझ्याच बाकावर बसणारा मित्र पलीकडच्या तटात होता. त्यानं काहीतरी झोंबणारं टाकलं होतं. पताका खांद्याला टेकवून, रस्त्याच्या कडेला होऊन मी उत्तर टाइप करायला लागलो. एक लिहिलं, त्यावर त्याचं आलं, त्यावर माझं. मान वर केली तर आमच्या जागी मागची दिंडी चाललेली! आमच्या पुढे!

ज्ञानेश्वर माऊलींच्या पालखीच्या रथापुढच्या-मागच्या दिंड्यांना नंबर असतात आणि त्या क्रमानंच चालायचं असतं. १९ व्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी या सोहळ्याला शिस्त लावली, ती आजही चालते. दुपारच्या जेवणाच्या पंगतीत मी तोच विषय लावून धरला. वडिलांची दिंडी, वडिलांचा नंबर. “सोडायचं नाही,” मी म्हणालो. दोघा-तिघांनी माना डोलावल्या. आमचे विणेकरी बाबा भाकरी मोडत होते. ते एवढंच म्हणाले, “बघू सांच्याला.”

सांच्याला म्हणजे समाज आरतीला. ज्यांनी पाहिली नाही त्यांना हे सांगून पटत नाही. तळावर पालखी येते, भोवती दिंड्या उभ्या राहतात, हजारो टाळ एकाच वेळी वाजत असतात. शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. मग चोपदार, म्हणजे सोहळ्याची शिस्त राखणारे, हातातला चोप (दंड) उंच करतात, ‘होऽऽ’ अशी आरोळी येते, आणि सगळं थांबतं. एवढ्या माणसांत एक लहान पोर रडत होतं, ते ऐकू आलं. फक्त ज्या दिंडीची तक्रार असेल तिनं टाळ वाजवत राहायचं. बाकी सगळ्यांनी गप्प. त्या आवाजाच्या रोखानं चोपदार चालत येतात आणि काय झालं ते विचारतात. (आमच्या ग्रुपवर रोज सगळेच टाळ वाजवतात आणि चोपदार कुणीच नसतो. हे मला तिथं सुचलं नाही, नंतर सुचलं.)

त्या संध्याकाळी बरडच्या तळावर फक्त आमचे टाळ वाजत होते. शेजारच्याची जोडी मागून घेऊन मीच सगळ्यांत जोरात वाजवत होतो. सगळा तळ आपल्याकडे बघतोय, याचा एक विचित्र आनंद होता. तो लपवण्यात अर्थ नाही.

चोपदार आले. आमच्या दिंडीचालकांनी क्रम मोडल्याचं सांगितलं. मग त्या दिंडीचे म्हातारे चालक पुढे झाले, हात जोडून म्हणाले, “माऊली, यांचा पुढचा पताकावाला फोनात उभा होता. त्याच्यामागं सगळीच थांबली. मागनं रेटा, पोलीस म्हणत्यात चला चला. आम्ही किती खोळंबावं?”

चोपदारांनी बाबांकडे बघितलं. बाबांच्या गळ्यात वीणा होती. ते म्हणाले, “खरं हाय. चूक आमची.” माझं नाव घेतलं नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हणजे त्यांनी सकाळीच सगळं पाहिलं होतं. जेवताना मी तावातावानं बोलत होतो तेव्हाही त्यांना ठाऊक होतं. मी तिथं ‘मीच तो’ म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही. टाळाची दोरी बोटांत रुतली होती, ती सोडवत उभा राहिलो. मग हरवलेल्या वस्तू, सापडलेल्या वस्तू, उद्या निघायची वेळ, आरती.

रात्री तंबूत बाबांच्या शेजारीच माझी वळकटी होती. “तुम्ही दुपारीच का नाही सांगितलं?” मी विचारलं.

“सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस व्हय?” थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, “फोनवर कोण होतं?”

“मित्र. गावातलाच. एका बाकावर बसायचो.”

“काय म्हणत होता?”

मी सांगायला तोंड उघडलं आणि अडकलो. माझी तिन्ही उत्तरं मला शब्द न् शब्द आठवत होती. त्यानं नेमकं काय लिहिलं होतं, ते मात्र नीट सांगता येईना. बाबा घोरायला लागले होते.

दुसऱ्या दिवशी धर्मपुरीपाशी पालखी सोलापूर जिल्ह्यात आली. नातेपुत्यात चार्जिंगला लावलेला फोन मिळाल्यावर मी त्याला फोन केला. तो आधी दचकला. “बरा आहेस ना? पाय कसे आहेत?” मग पावसाचं विचारलं, तिकडे सोयाबीन पेरून बसला होता आणि आभाळ कोरडं. पुढं गाडी त्याच विषयावर आली. त्याच्या पोरीच्या ॲडमिशनचं काय झालं, ते त्यानं पहिल्यांदाच सांगितलं. ग्रुपवर कधी लिहिलं नव्हतं. माझ्या जिभेवर तीनदा उत्तर आलं. दोन गिळली. तिसरं निसटलंच, आणि पुन्हा वाजलं. पण फोन दोघांनीही ठेवला नाही.