पगारपत्रकातले दोनशे रुपये

पगारातून दर महिन्याला व्यवसाय कराचे 200 रुपये कापले जातात, फेब्रुवारीत 300. मला ते कधीच खुपत नाहीत. 1975 साली महाराष्ट्रात हा कर आला तोच रोजगार हमीच्या, म्हणजे मागेल त्याला काम देणाऱ्या सरकारी योजनेच्या खर्चासाठी.

1972 च्या दुष्काळात माझी आजी सरकारी कामावर खडी फोडायला जायची. तळहातावरचे घट्टे तिने मला दाखवले होते. त्या मजुरीने वाण्याची उधारी फिटत राहिली, आठवडी बाजार मोडला नाही, आमची बैलजोडी दावणीलाच राहिली. खडीचे ढीग मात्र वर्षानुवर्षं रस्त्याकडेला पडून होते. त्या पैशाची मला आजही हळहळ वाटते.

पुढे तिथल्याच मजुरांनी पाझर तलाव बांधला. आमच्या विहिरीला त्याचा पाझर अजून लागतो. यंदा मार्चअखेरीस दोन परस, म्हणजे दोन पुरुष खोल पाणी होतं.