नवतप्यात सिंगापूरची बॅग

२० मे, नागपूर

पारा ४५ ला टेकलाय. गच्चीवर काल पहाटे घातलेल्या कुरडया आज संध्याकाळी डब्यात भरताना खडखड वाजत होत्या. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, २५ तारखेला लागतो आणि आम्ही ऐन नवतप्यात सिंगापूरला लेकीकडे निघतोय, म्हणून जो तो म्हणतो, "चला, सुटलात बाप्पा उन्हातून!" आकडे बघितले तर त्यांचं खरंच आहे. सिंगापूरचं आजवरचं सगळ्यात जास्त तापमान ३७ अंश, १९८३ च्या एप्रिलमध्ये आणि नंतर थेट २०२३ च्या मे महिन्यात. ३७ म्हणजे आपल्याकडचा मार्च. ३७ ला आम्ही कूलरसुद्धा माळ्यावरून काढत नाही.

पण तिथं जाऊन आलेल्या माणसाला ३१ अंशात काय होतं ते विचारावं.

नागपूरच्या मे महिन्यात घाम दिसत नाही. तो येतो आणि आल्या आल्या उडून जातो, ब्लाउजवर मिठाची पांढरी रेघ तेवढी राहते. कूलर चालतो तोही याच जोरावर. वाळ्याच्या ताटीतलं पाणी कोरड्या हवेत उडतं आणि जाता जाता गारवा देऊन जातं. सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम सव्वा अंशावर, चारी बाजूंनी समुद्र. सरासरी आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर, पहाटे तर नव्वदच्याही पुढे. हवेत आधीच इतकं पाणी, की तुमच्या घामाला जायला जागाच नाही. तो अंगावरच बसून राहतो. तिथं कूलर लावला तर खोलीत आणखी ओल. रात्रीसुद्धा २५ च्या आसपासच. म्हणजे दिवसभर तापून रात्री निवणं हा प्रकार नाही, आणि ऋतू बदलेल म्हणून वाट बघण्यातही अर्थ नाही.

त्यामुळे आपली उन्हाळ्याची सगळी विद्या तिथं निकामी. तोंडाला दुपट्टा गुंडाळायचा, खिशात कांदा ठेवायचा, बारा ते चार दारं-खिडक्या लावून अंधारात पडायचं, हे सगळं लू साठी. तिथं लू नाही. खिडकी बंद केली की उलट जीव घाबरा होतो.

आज दुपारभर कपाटासमोर बसून कपडे निवडले. खळ केलेल्या सुती साड्या बाजूला ठेवल्या. एरवी मे महिन्यात त्यांच्यासारखं सुख नाही, पण दमट हवेत खळ नरम पडते, साडी लोळागोळा होते, आणि खळीने सुताची छिद्रं बुजलेली असतात ती वेगळीच. शिवाय कपाटात राहिली तर बुरशीला आयतं खाणं. जॉर्जेट तर पायाला चिकटतं. सहा वार, आत परकर आणि कमरेला करकचून नाडी, म्हणजे घामोळ्याला आमंत्रणच. मलमलचे सैल कुडते घेतले, पायजमे घेतले, समारंभाला म्हणून एकच हलकी साडी. यांची जीन्स मी तीनदा बाहेर काढली, ती तीनदा परत आत गेली. जाड सुती कापड घाम पितं आणि मग सोडत नाही. धुतलं तर दोन दिवस वाळत नाही.

वाळणं हाच तिथला मोठा प्रश्न. लेक टॅम्पिनीसला सरकारी वसाहतीत राहते, तिथल्या बहुतेक लोकांसारखी. जुन्या इमारतींत खिडकीबाहेर बांबू खोचून त्यावर कपडे वाळत घालायची पद्धत अजून दिसते. पण दुपारी बघता बघता गडगडाट होऊन पाऊस कोसळतो. कधी पहाटेच वादळी सर येते, सुमात्रा बेटाच्या बाजूने येते म्हणून तिला तिथं 'सुमात्रा'च म्हणतात. आपल्याकडे कपडे अर्ध्या तासात वाळतात, कधीकधी कडक होऊन पापडासारखे. तिथं कपड्यांवर लक्ष ठेवावं लागतं. म्हणून पातळ कपडे जास्त घ्यायचे, जाड कपडे कमी.

आता खाऊ. यात माझा खरा जीव. लेकीची यादी फोनवर आली: कुरडया, सांडगे, सावजी मसाला, अनारसे, पातळ पोह्यांचा चिवडा. चिवडा मी सरळ नाकारला. डबा उघडून गप्पा मारेपर्यंत तो सादळतो. कुरडयांचं तसं नाही, त्या तळायच्या असतात, फक्त तळेपर्यंत हवा लागू द्यायची नाही. छोट्या छोट्या पिशव्या केल्या, एका वेळी एक उघडायची. तापल्या गच्चीवर दोन उन्हांत वाळलेली वस्तू तिथल्या हवेत ओल धरायला किती टपलेली असते ते मी बघितलंय. गूळही ठेवून दिला. तो तिथं पाझरतो आणि डब्याच्या झाकणापर्यंत चिकट होतो.

आणि खसखस! सिंगापुरात खसखस न्यायला मनाई आहे. तिच्यात मॉर्फिनचा अंश सापडू शकतो म्हणून तिथल्या अमली पदार्थविरोधी खात्याने ती निषिद्ध ठरवलीय. आता सावजी मसाल्यात खसखस असतेच, अनारशाला तर खालून खसखसच लावतात. अनारसे रद्द. मसाला मात्र घरीच कुटला, खोबरं, धणे, दगडफूल सगळं हात सैल सोडून घातलं आणि खसखस वगळली. चव थोडी उणी लागते. लेक म्हणाली, "आई, चालेल गं, पण विमानतळावर तुझं व्याख्यान नको." दिरांनी विचारलं, खर्रा चालतो का? चघळायच्या तंबाखूला तिथं बंदीच आहे, म्हटल्यावर त्यांनी सिंगापूरचा विषयच बंद केला.

शाल आणि एक स्वेटर वर ठेवलाय. हे हसले. पण तिथं खरी थंडी इमारतींच्या आत असते. मेट्रो, मॉल, वाचनालय, दवाखाना, सगळीकडे एसी असा की दात वाजावेत. ली क्वान यू १९५९ साली पंतप्रधान झाले, तेव्हा त्यांनी आधी सरकारी कचेऱ्यांत एसी बसवले. या हवेत दुपारी डोकं चालायचं तर दुसरा उपाय नाही, असं त्यांचं मत. मत पटतं, पण गुडघ्यांना पटत नाही. घामाने ओलं झालेलं अंग घेऊन त्या गारठ्यात शिरायचं आणि तासाभराने बाहेर पडताना चष्म्यावर वाफ धरून दारातच आंधळ्यासारखं उभं राहायचं. म्हणून पर्समध्ये शाल आणि चष्मा पुसायचं मऊ फडकं.

औषधांच्या गोळ्या पाकिटातच राहू दिल्या. सोम-मंगळच्या खणांची ती प्लॅस्टिकची डबी आहे, पण दमट हवेत उघड्या गोळ्या खराब होतात. डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर आहे. ओआरएसची पाकिटं घेतली, कारण घाम उडत नसला तरी मीठ जातंच. चामडी चपला नाहीत, रबरी तळाच्या सँडल. तीन चौकोनी पिनांचा प्लग मागच्या खेपेचा सापडला. तिथं उतरण्याआधी ऑनलाइन भरायचं अरायव्हल कार्ड तीन दिवस आधीच भरता येतं, ते काम यांच्याकडे.

रात्री वजन केलं तर काटा दीड किलोने पुढे. हे म्हणाले, कुरडया कमी कर. मी यांची दुर्बीण उघडली. सुंगेई बुलोच्या पाणथळीत पक्षी बघायचे म्हणून घेतलीय, ती राहू दे. पण तिचं ते जाडजूड चामडी कव्हर काढून ठेवलं. तिकडे त्याला बुरशीच येणार होती. दुर्बीण माझ्या मलमलच्या कुडत्यात गुंडाळली, बाजूला सिलिका जेलच्या चार पुड्या टाकल्या. अजून किलोभर जास्त भरतंय. उद्या ती जीन्स पुन्हा काढून बघते.