निकिता मुलगा असतो

माझ्या भाचीचं नाव निकिता. ताईला ते कुठून सुचलं देव जाणे, तेव्हा अंकिता, अर्पिता, निकिता अशी एक लाटच आलेली, आत्याबाईंनी बारशाला कानात कुर्रर्र केलं आणि विषय संपला. तर ही निकिता मागच्या वर्षी एमबीबीएसला रशियात गेली. दोन बॅगा, एक कुकर आणि ताईने कोंबून भरलेला चिवडा घेऊन रात्री हॉस्टेलला पोचली. खाली टेबलाशी बसलेल्या आजीबाईंनी यादीवर बोट फिरवत तिला चौथ्या मजल्याची किल्ली दिली. चौथा मजला मुलांचा! आता आजीबाई यादीकडे बघतायत, मग हिच्याकडे, परत यादीकडे. शेवटी त्यांनी मोबाइलमधल्या ट्रान्सलेटरला काहीतरी सांगितलं आणि त्यातून एकदम गोड बायकी आवाजात हिंदी उत्तर आलं, "निकिता लडका होता है."

ती रात्र पोरीने एका सीनियरच्या खोलीत गादी टाकून काढली. सकाळी यादी दुरुस्त झाली आणि मला फोन आला, "मामा, तू तर रशियनचा कोर्स केला होतास ना? आधी सांगायचंस की!"

खरं आहे, सांगायला हवं होतं. माझा कोर्स तसा अर्धवटच, पण निकिता हे बाप्याचं नाव आहे हे कळायला कोर्सची तरी काय गरज, आमचे आजोबा सुद्धा सांगू शकले असते. १९५५ साली ख्रुश्चेव्ह आणि बुल्गानिन ही सोव्हिएत नेत्यांची जोडी भारतात आलेली, 'हिंदी-रूसी भाई भाई' च्या घोषणा चाललेल्या, त्यातल्या टक्कल असलेल्या ख्रुश्चेव्हचं नाव निकिता आणि दाढीवाल्या बुल्गानिनचं निकोलाय. गंमत अशी की दोघांच्याही नावात एकच ग्रीक शब्द बसलाय, नीके म्हणजे विजय. तोच तो बुटांवरचा, टिकवाला. निकोलाय म्हणजे लोकांचा विजय आणि निकिता हा ग्रीक निकेतास, म्हणजे जिंकणारा. आपल्याकडे शेवटी 'आ' आला की नाव मुलीचं हे डोक्यात एवढं पक्कं बसलंय की निकिता, इल्या, कोल्या, मित्या ही सगळी दाढीमिशीवाली मंडळी आहेत हे पचायलाच वेळ लागतो.

या निकेतासचा एक भाऊबंद आहे, अनिकेतोस. म्हणजे ज्याला कोणी हरवू शकत नाही तो, थोडक्यात आपला अजिंक्य. रशियनमध्ये त्याचा अनिकिता झाला. आणि आमच्या सोसायटीत एक अनिकेत राहतो. त्याच्या नावाचा अर्थ अगदी वेगळा, संस्कृत निकेत म्हणजे घर, ते नसलेला तो अनिकेत. (त्याचं आत्ताच टू बीएचके झालं, हप्ते वीस वर्षं आहेत, म्हणजे नाव अजून अर्धं खरंच म्हणायचं.) दोन शब्दांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, पण मी त्याला लिफ्टमध्ये सांगितलं की ग्रीसमध्ये तू अजिंक्य आहेस, तर त्याचा चेहरा असा काही खुलला की बस. पुढचं मी सांगितलं नाही. रशियन लोकगीतांमध्ये अनिका नावाचा एक योद्धा आहे, हेच नाव झिजून झालेलं. सगळ्यांना हरवून झाल्यावर तो बढाया मारत फिरतो, वाटेत त्याला मृत्यू भेटतो, हा त्याच्यावरही धावून जातो आणि तिथेच संपतो. आजही रशियनमध्ये नुसत्या फुशारक्या मारणाऱ्याला 'अनिका योद्धा' म्हणतात. अजिंक्य नाव ठेवून पुढे हे असं.

आता ही ग्रीक नावं तिथं पोचली कशी, तर चर्चमधून. ९८८ साली कीव्हच्या व्लादिमीर राजाने बायझंटाइन, म्हणजे ग्रीक बोलणाऱ्या साम्राज्याचा, ख्रिस्ती धर्म घेतला आणि त्याचं स्वतःचं बाप्तिस्म्याचं नाव पडलं वासिली. म्हणजे ग्रीक बासिलिओस, राजेशाही. राजाचंच नाव राजा, फार डोकं लावलेलं दिसत नाही. त्यानंतर प्रत्येक पोराला कॅलेंडरमधल्या संताचं नाव. जन्म ज्या संताच्या आसपास झाला त्याचं, आपल्याकडे पत्रिकेवरून अक्षर काढतात तसलाच प्रकार, 'ढ' आलं तर काय करणार. घरात मात्र जुनं स्लाव्ह (रशियन, पोलिश, सर्ब वगैरे मंडळींच्या कुळातलं) नावच चालायचं, म्हणजे पाळण्यातलं एक आणि हाक मारायचं दुसरं, हे आपल्याला काय नवीन नाही.

बासिलिओसचा वासिली का झाला? तर त्या काळचे ग्रीक लोक स्वतःच 'ब' चा उच्चार 'व' करायला लागले होते. ज्यांच्याकडे नाव थेट ग्रीकमधून आलं त्यांच्याकडे 'व', ज्यांच्याकडे लॅटिनमधून फिरून आलं त्यांच्याकडे 'ब', म्हणून पोलंडमध्ये तोच माणूस बाझिली. पण खरी मजा 'थ' ची आहे. आपल्याला थंडी, थाळी, थापा, कशालाच अडचण नाही, त्यांच्याकडे मात्र हा ग्रीक आवाज नव्हताच. रशियनांनी त्याचा 'फ' केला, थिओडोरोसचा फ्योदोर, थोमासचा फोमा, तिमोथिओसचा तिमोफेय. बल्गेरियन आणि सर्बांनी सरळ 'त' केला, तोदोर आणि तोमा. आणि युक्रेनच्या खेड्यापाड्यांत तर मुळात 'फ' सुद्धा परका, स्लाव्ह भाषांत तो नव्हताच, मग फोमाचा झाला खोमा, फ्योदोरचा ख्वेदिर, फिलिपचा पिलिप आणि अफानासीचा ओपानास. पुस्तकात मात्र 'थ' साठी ग्रीकसारखं दिसणारं वेगळं अक्षर शतकानुशतकं जपलेलं, उच्चार 'फ'च, फक्त शाळेतल्या पोरांना छळायला. ते शेवटी १९१८ च्या सुधारणेत काढून टाकलं. आपल्या 'ऋ' आणि 'ष' ने जरा सांभाळून राहावं.

या फ्योदोरवर मी जरा रेंगाळणार, कारण हा आपला देवदत्त आहे. थिओस म्हणजे देव, डोरोन म्हणजे दिलेलं, भेट. यातलं डोरोन आणि आपलं 'दान' हे सख्खे नातेवाईक, पण थिओस आणि 'देव' मात्र दिसायला जुळे असून नात्यात नाहीत, आपल्या देवाचं नातं तिकडे झ्यूसशी लागतं. पण स्लाव्ह लोकांनी एवढ्यावर थांबायचं ना, त्यांच्याकडे याच अर्थाचं स्वतःचं नावही आहे, बोग्दान. बोग म्हणजे देव, आपल्या भगवान मधला जो 'भग' त्याच्या कुळातला, आणि दान म्हणजे दिलेला. अक्षरशः भगदत्त! महाभारतात हत्तीवर बसून लढणारा प्राग्ज्योतिषचा राजा, तोच. युक्रेनच्या कोसॅक लढवय्यांचा पुढारी बोग्दान ख्मेल्नित्स्की, त्याचं चर्चमधलं नाव झिनोव्ही, तेही ग्रीकच आणि त्यातही झ्यूस लपलेला. ते कोणाच्या लक्षात नाही, लोक बोग्दानच म्हणतात.

सगळ्यात जास्त फाटे फुटलेलं नाव कुठलं असेल तर जॉर्जचं. ग्रीक गेओर्गोस म्हणजे जमीन कसणारा, साधा शेतकरी. रशियनमध्ये या एका शेतकऱ्याची तीन पोरं, गिओर्गी, येगोर आणि युरी. तिन्ही आज वेगवेगळी नावं म्हणून चालतात, एका वर्गात तिघं असू शकतात आणि कोणाला काही वाटत नाही. शेजारी गेलात तर सर्बियात जॉर्जे, स्लोव्हाकियात युराय, पोलंडमध्ये येझी, आणि चेक लोकांकडे यिर्झी, ज्यात 'र' आणि 'झ' एकाच वेळी म्हणायचा असतो. मी आरशासमोर उभं राहून बराच प्रयत्न केला, आरसा पुसावा लागला. ग्रेगरीचं तर त्यांनी र्झेहोर्झ केलंय, म्हणजे दोनदा तोच छळ.

बरं नाव शेतकऱ्याचं आणि शेतकऱ्यालाच ते सगळ्यात जास्त चटका लावून गेलं. आपल्याकडे सालगड्याचं साल पाडव्याला संपतं ना, पटलं तर राहायचं नाहीतर दुसरा मालक बघायचा, तसा जुन्या रशियात २६ नोव्हेंबरचा युरीचा दिवस. पिकं निघालेली, देणी फेडायची, आणि त्या दिवसाच्या आधीचा एक आठवडा आणि नंतरचा एक आठवडा एवढ्याच मुदतीत कुळाने जमीनदार सोडून जायचं, असं १४९७ च्या कायद्यातच लिहिलेलं. वर्षातले पंधरा दिवस मोकळे. मग सोळाव्या शतकाच्या शेवटी झारने तेही बंद केले आणि माणूस जमिनीला बांधला गेला तो बांधलाच. त्यावरून एक म्हण राहिली, "घ्या आजी, हा तुमचा युरीचा दिवस!" बस चुकली, लाईट गेली, सुट्टी रद्द झाली की आजही लोक हेच म्हणतात, त्यातलं दुखणं कधीच विसरलेले असतात. आणि १९६१ मध्ये अवकाशात पहिला गेला तोही युरीच, सामुदायिक शेतीवर राबणाऱ्या सुताराचा मुलगा. युरी अलेक्सेयेविच गागारिन, बापाचं नाव अलेक्सेय, तेही ग्रीक, रक्षण करणारा.

ते मधलं 'अलेक्सेयेविच' बघा, अलेक्सेयचा मुलगा. नाव, बापाचं नाव, आडनाव, आपण फॉर्मवर लिहितो त्याच क्रमाने. आणि घरगुती नावांत तर आपण भाऊभाऊच आहोत. आपण प्रकाशचा पक्या करतो, गणेशचा गण्या, सचिनचा सच्या. ते निकोलायचा कोल्या करतात, प्योत्रचा पेत्या, दिमित्रीचा मित्या, अनातोलीचा तोल्या, येव्गेनीचा झेन्या. हा 'या' दोन्हीकडे कसा आला त्यात कुठलं गूढ नातं शोधू नका, योगायोग आहे, पण मला फार आवडलेला योगायोग आहे. कॉलेजात असताना गुळगुळीत कागदाची स्वस्त रशियन पुस्तकं मराठीत मिळायची, त्यात पानापानावर चार माणसं असायची आणि शेवटी कळायचं की तो एकच माणूस आहे, बायको मित्या म्हणते, नोकर दिमित्री फलाणोविच म्हणतो आणि आई आणखी तिसरंच. आमच्या वाड्यात कोणी परदेशी माणूस आला असता तर त्याचंही तेच झालं असतं म्हणा, बाळ्या, बाळासाहेब, दादा आणि भालचंद्रपंत हे एकच गृहस्थ होते.

फरक एवढाच की तिकडे 'या' च्या खाली 'का' ची अजून एक पायरी होती. वास्का, फेद्का, पेत्रुश्का, हे जरा हिणकस. झारला अर्ज करताना भल्याभल्यांनी स्वतःला असंच लिहायचं, "आपला गुलाम फेद्का". देवदत्तचा देव्या करून दरबारात उभा केलेला. पीटरने १७०१ मध्ये हुकूम काढून ते थांबवलं, अर्जावर पूर्ण नाव लिहा म्हणाला. आणि तो आपला वासिली, राजेशाहीवाला, त्याचा वास्या इतका स्वस्त झाला की आता कोणीही सोम्यागोम्या म्हणजे 'वास्या पुप्किन', म्हणजे जवळजवळ वास्या बेंबटे, आणि वास्का हे मांजराचं ठरलेलं नाव. आपणही लोकलमध्ये "ए राजा, सरक की जरा" म्हणतोच.

ख्रुश्चेव्हकडे परत जातो, कारण कुझ्माच्या आईबद्दल सांगायचं राहिलं. कुझ्मा म्हणजे ग्रीक कोस्मास, कॉसमॉस मधला, सुव्यवस्थित. १९५९ मध्ये मॉस्कोत अमेरिकन प्रदर्शन होतं, तिथे निक्सनशी बाचाबाची होताना निकिताभाऊ म्हणाले की तुम्हाला कुझ्काची आई दाखवतो. दुभाष्यांची पंचाईत, कोण कुझ्का, त्याच्या आईचं इथे काय काम? रशियनमध्ये त्याचा अर्थ, दाखवतोच आता इंगा. "तुझ्या नानाची टांग" चं इंग्रजी करायला सांगितलं तर मीही निक्सनकडे बघत उभा राहिलो असतो.

नाशिककर असल्यामुळे अजून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. दिमित्री म्हणजे डिमेट्रिअस, डिमीटर देवीचा, आणि त्या मीटर मध्ये आपली माता बसलीये. पांडवलेण्याच्या पायऱ्या चढून धापा टाकत १७ नंबरच्या लेण्यापर्यंत गेलात तर तिथल्या लेखात दान देणारा माणूस आपली ओळख सांगतो, उत्तरेकडचा, दत्तामित्रीचा, यवन, धर्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त. ही दत्तामित्री म्हणजे डिमेट्रिअस राजाच्या नावाचं शहर, असं अभ्यासक मानतात. स्लाव्ह मंडळी ग्रीक नावं घ्यायच्या कितीतरी आधी हा ग्रीक वंशाचा माणूस आमच्या डोंगरावर भारतीय नाव लावून, बापाच्या नावासकट, लेणं खोदून गेला. मी शाळेच्या सहलीत तिथे डबा खाल्ला, लेखाकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

निकिताचं आता बरं चाललंय. तिची रूममेट तिला नीका म्हणते. ॲनाटॉमीच्या मॅडमनी हजेरी घेताना वडिलांचं नाव विचारलं आणि लगेच तिची 'निकिता प्रकाशेव्ना' करून टाकली. दाजी एवढे खूश झाले की रशियन लिपीत ते नाव व्हॉट्सॲप स्टेटसला ठेवलं, खाली मराठीत उच्चारासकट. अर्ध्या तासात धुळ्याच्या मावशीचा ताईला फोन, "अगं पोरीचं आडनाव बदललेलं दिसतंय, लग्न केलं आणि आम्हाला सांगितलंसुद्धा नाही?"