आमची वाटचाल : पिवळ्या पट्टीचा धंदा

सियागंजात ठोक किराण्याचा हिशेब कसा चालतो, हे इंदूरकरांना सांगायला नको. त्या पेढ्यांना आम्ही बिलिंगचं सॉफ्टवेअर देतो. सुरुवात रामबागेतल्या एका खोलीत. दोन भागीदार आणि व्हिज्युअल बेसिक 6 (व्हीबी), मायक्रोसॉफ्टची प्रोग्राम लिहायची भाषा.

स्क्रीनवर माहिती भरायच्या चौकटीवर माउस नेला की पिवळी पट्टी उमटते ना, टूलटिप, ती बाकीचे कोरीच ठेवायचे. नाहीतर 'नाव' लिहिलेल्या चौकटीवर 'नाव भरा'. आम्ही मुनीमजींच्या गादीला गादी लावून ती लिहायचो. व्हीबीत देवनागरीची प्रश्नचिन्हं व्हायची, म्हणून रोमन अक्षरांत हिंदी. वजनाच्या चौकटीवरचं वाक्य तर मुनीमजींच्याच तोंडचं : "कट्टा पचास का न हो तो वजन खुद डालो, भैया." कट्टा म्हणजे पोतं.

पुढे भागीदार वेगळे झाले, सोर्स कोडसकट, म्हणजे प्रोग्रामची मूळ प्रत घेऊन. त्यांचा माल आमच्याहून स्वस्त. त्यात 1 जुलै 2017 ला जीएसटी लागला, आमचं व्हीबी सोडून डॉटनेटवर, मायक्रोसॉफ्टच्याच नव्या साधनावर, जाणं अर्ध्यात होतं. गिऱ्हाइकं भराभर गेली. पोरांचे पगार सौ.च्या एफडीतून झाले, हे मी विसरणार नाही. मुनीमजींकडेही त्यांचा डेमो झालाच. वजनाच्या चौकटीवर पट्टी उमटली. मुनीमजींनी चष्मा वर केला : "ये तो मैं बोला था!" शेठजींनी चहा पाजून पाहुण्यांना वाटेला लावलं. ती पेढी आजही आमच्याकडे आहे.

डॉटनेटमध्ये फॉर्मवर टूलटिप कंपोनंट एकदा टाकला की प्रत्येक चौकटीला मजकूर जोडता येतो. पण पट्टी पाच सेकंदांत विरते, आणि मुनीमजी बोट ठेवून वाचतात. आम्ही ऑटोपॉपडिले, म्हणजे पट्टी टिकायचा वेळ, 20000 मिलिसेकंद केला, वीस सेकंद. जीएसटी नंबरावर लिहिलं : 'कुल 15. पहले 2 राज्य के, म.प्र. का 23. फिर 10 पैन के.' आता देवनागरीत. त्या एका पट्टीने फोन निम्मे केले.

नव्या पोरांना सांगतो, विचारलं नसलं तरी : बंद केलेल्या चौकटीवर विंडोज फॉर्म्सची (डॉटनेटमधला स्क्रीन बनवायचा भाग) पट्टी येतच नाही, आणि चौकट बंद का, हे तर तिथेच सांगायचं असतं. तिथे रीडओन्ली वापरा, म्हणजे चौकट वाचता येते, बदलता येत नाही, आणि पट्टी येते. दुसरं, मुनीम माउसला हात लावत नाही, एंटर मारत जातो. कर्सर चौकटीत शिरताच तोच मजकूर खालच्या स्टेटसबारवर दाखवा.

आमचे जुने भागीदारही आता डॉटनेटवर आलेत. परवा एका पेढीवर त्यांचा स्क्रीन पाहिला. कट्ट्याचं वाक्य तेच, 'भैया'सकट, अजून रोमनमध्ये. आणि पट्टी पाच सेकंदांत गायब.