तुम्ही विचारलंत म्हणून: ‘त्याले तवाच काहून नाही काढलं?’

बाजारात, एसटी स्टँडवर, लग्नाच्या पंगतीतसुद्धा लोक मला हे विचारतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या आसपासच्या गावांतल्या कापूसवाल्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप मी सांभाळतो. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला, तेव्हा कामगंध सापळे (वासानं ओढून अळीचे पतंग पकडणारे), फवारणी यांची माहिती एकमेकांना मिळावी म्हणून तो सुरू केला. लोक ज्याच्याबद्दल विचारतात, त्यानं त्याच ग्रुपवर लिहिलं, शेतकरी कर्जानं नाही, दारूनं मरतात. सरकार उगाच पैसे वाटतं. ज्यांच्या घरात आत्महत्या झाली अशा बायका ग्रुपवर आहेत. लोक पेटले.

हे वाक्य किती लागतं ते आमच्याकडं राहिल्याशिवाय कळत नाही. अशा घराला सरकारची मदत एक लाखाची, त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. ती मिळायची तर जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीनं प्रकरण ‘पात्र’ ठरवावं लागतं. नापिकी, थकलेलं कर्ज, वसुलीचा तगादा हे सगळं कागदावर दिसायला हवं. सावकाराचं कर्ज कागदावर येतं कुठं? अशात चौकशीला आलेल्यांपुढं गावातलाच कोणी ‘पीत होता’ म्हणाला, की घरच्यांच्या पोटात गोळा येतो.

तरी मी ते पुसलं नाही. पानठेल्यावर हे रोज बोललं जातं, फक्त त्या बायकांच्या माघारी. इथं निदान त्यांच्यासमोर आलं होतं. त्यांच्यातल्या एका ताईंना मी आधी फोन केला, काढू का म्हणून. “राहू द्या भाऊ, मले लिहू द्या,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी लिहिलं. गावच्या सोसायटीचं थकलेलं कर्ज, सावकाराचं वेगळं, त्या सालचा कापूस, आणि नवऱ्याची दारू कोणत्या हंगामानंतर सुरू झाली तेही. दारू त्यांनी लपवली नाही. त्या माणसाचं मत बदललं असं मी म्हणणार नाही. पण ते लिहिणं सगळ्यांनी वाचलं, आणि ताई नाही म्हणाल्या असत्या तर मी पोस्ट पुसली असती.

त्याच संध्याकाळी ताईंच्या बाजूनं बोलणाऱ्या एकानं त्या माणसाला जातीवरून शिवी दिली. त्याला मी लगेच काढलं. “आपल्याच माणसाले?” म्हणून पुष्कळ जण रुसले, अजूनही रुसलेत. दारूच्या मताला ताईंकडं उत्तर होतं. जातीवरच्या शिवीला कोण काय उत्तर देणार? तशी शिवी एकदा खपली की बाया आधी गप्प होतात, मग लहान शेतकरी, आणि ग्रुप चार मोठ्या तोंडांचा होतो.

पोरं पळवणाऱ्यांच्या अफवेला मात्र मी चर्चेपुरताही वेळ देत नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला भिक्षेकरी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं, ते अशाच अफवेपायी.

काही जण काळजीनं म्हणतात, तुम्हाला पोलीस धरतील. गोंदिया जिल्ह्यातल्या एका ॲडमिनवर असा गुन्हा दाखल झाला होता. सदस्यानं ग्रुपमधल्या बाईला घाण शिवीगाळ केली आणि यानं त्याला काढलं नाही, हा आरोप. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं तो गुन्हा रद्द केला. सदस्याशी संगनमत नसेल तर त्याच्या मजकुरासाठी ॲडमिन गुन्हेगार ठरत नाही. ॲडमिनच्या हातात माणूस घेणं आणि काढणं एवढंच असतं, असंही न्यायालयानं म्हटलं. पुढच्याच वर्षी व्हॉट्सॲपनं ॲडमिनला कोणाचाही मेसेज पुसता येईल अशी सोय दिली. कायद्यानं मी सुटलो तरी ग्रुपमधल्या जिला लागलं त्या बाईपुढं सुटत नाही, आणि पुसायची सोय हातात आल्यापासून तर मुळीच नाही.

दारूवाला तो माणूस अजून ग्रुपवर आहे. बोंडअळीबद्दल तो चांगलं सांगतो. पण ताईंनी उत्तर देऊनही तेच वाक्य तो दर हंगामात टाकू लागला, आणि नवं काही न सांगता जखमेवर तेच तेच बोलणं याला मी मत मानत नाही. यापुढं आलं तर न विचारता पुसीन, हे मी त्याला फोन करून सांगितलं आहे.