ट्रिबर्गची उंची विचाराल तर कुठली ते आधी विचारा

ट्रिबर्गचं स्टेशन आणि ट्रिबर्ग गाव एका उंचीवर नाहीत. जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमधलं एवढंसं गाव, पण हद्द ६०० मीटरपासून थेट १०३८ मीटरपर्यंत. नेटवर उंचीचा एकच आकडा दिसला, त्यावर मी विसंबलो. खोलीवाल्या बाई फोनवर म्हणाल्या होत्या, "स्टेशनपासून पंधरा-वीस मिनिटं, थोडासा चढ." आम्हाला तासभर लागला. मी दर पावसाळ्यात राजगड-तोरणा करतो, तरीही.

स्टेशन ६१६ मीटरवर, दरीच्या तळाशी. घड्याळातलं उंचीमापक तिथे जुळवून निघालो. बाजारचौकापर्यंतचा दीडेक किलोमीटर सलग चढ पाठीवर सॅक असली की निघतो. खरी दमछाक चौकाच्या पुढे. आमची गल्ली मुख्य रस्त्यावरून फुटून सरळ डोंगराच्या अंगावर जाते. ऑक्टोबर संपत आलेला, पाऊस, अंधार, पायाखाली ओल्या पानांचा चिखल. मित्राच्या ट्रॉली बॅगेचं चाक मधेच निखळलं आणि उतारावरून गडगडत गटारात गेलं. पुढे दोघांनी दोन बाजूंनी बॅग धरली. वीस पावलं चालायचं, टेकवायची, परत उचलायची. दारात पोचलो तेव्हा घड्याळात ७७५.

स्टेशनबाहेर एका टॅक्सीवाल्याने एवढ्याशा अंतराला २५ युरो मागितले होते. सरळ लूट आहे. देऊ नका. बस आहे, पण रविवारी संध्याकाळी ती फार वेळाने येते. बसची वेळ बघून मगच ट्रेन ठरवा. मुक्काम करणाऱ्याला कोनुस कार्डावर बस-रेल्वे फुकट, मात्र ते कार्ड खोलीवर पोचल्यावर हातात पडतं. येतानाचं तिकीट काढावंच लागतं.

रेल्वे गावात का चढत नाही, ते गाडीत बसल्यावर कळतं. रॉबर्ट गेरविगने आखलेला हा मार्ग १८७३ मध्ये पुरा झाला. हॉर्नबर्ग ते सांक्ट गेऑर्गेन सरळ अंतर ११ किलोमीटर, रूळ मात्र वेढे घेत २६ किलोमीटर जातात, म्हणून चढ कुठेही ५० ला १ पेक्षा कडक नाही. आपल्या कर्जत-लोणावळा घाटात तो ३७ ला १ आहे आणि मागून ढकलणारी जादा इंजिनं (बँकर) लावावी लागतात. गेरविगचं काम बघून मी थक्क झालो. ट्रिबर्गचं स्टेशन त्यातल्या एका वेढ्यावर, खालीच राहतं.

ट्रिबर्गच्या धबधब्याला "जर्मनीतला सर्वांत उंच" म्हणतात, ते खरं नाही. बेर्ख्टेसगाडेनकडचा र्‍योथबाख ४७० मीटरचा आहे. इथले १६३ मीटर सात टप्प्यांत विभागलेत, एका उडीत नाहीत. तरी जाच, पण खालून चढू नका. बसने वरच्या श्योनवाल्ड गावाला जा आणि गुटाख ओढ्याच्या कडेने खाली उतरा. वरच्या फाटकावरही तिकीट लागतं. वरच्या टप्प्यांवर सकाळी आमच्याशिवाय कोणी नव्हतं, फक्त पाण्याचा आवाज आणि धुकं. आदल्या रात्रीचा सगळा शीण तिथे गेला.

बाकी दोन दिवस खालच्या खोऱ्यात भटकलो, मजेत गेले.

खोली ठरवताना घराचा पत्ता समोच्च रेषांच्या नकाशावर शोधा. ७०० च्या वर असेल तर ट्रॉली बॅग आणूच नका. परतीच्या दिवशी ट्रेनच्या पाऊण तास आधी निघा, ओल्या पानांवर उतरताना पाय सटकतो.